वखार वाढवली

माझ्या वकिलीत खून नव्हते, मारामाऱ्या नव्हत्या, कोणी कोणाची बायको पळवल्याचे खटले नव्हते. त्यामुळे अलिबागच्या कोर्टाबाहेर पानतंबाखू खात बसणाऱ्या माझ्या भाऊबंदांत मला काडीची किंमत नव्हती. ते मला ‘कागदी वकील’ म्हणत. म्हणोत बापडे! त्यांचे अशील रडत यायचे आणि बहुतेक वेळा रडतच परत जायचे. माझ्याकडे दोन माणसं यायची ती मिळून धंदा करायला, आणि जाताना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जायची. वर कधी सुपाऱ्या, कधी पांढऱ्या कांद्याची माळ दाराशी ठेवून जायची. एवढं सुखाचं काम सोडून मी कशाला त्या रडारडीत पडू?

माझं काम मुख्यतः सरकारचा डोळा असलेल्या धंद्यांचं. आमच्या किनाऱ्यावर असे धंदे तीन: मीठ, माडी आणि तर, म्हणजे होडीनं माणसांना खाडीपार नेण्याचा मक्ता. मीठ पिकवायचं तर परवाना, माडाला मडकं लावायचं तर परवाना, होडीत माणूस बसवायचा तरी परवाना. दोघांनी मिळून यातलं काहीही करायचं म्हटलं की तिसरा भागीदार आपोआप सरकार. तो चिखलात उतरत नाही, वल्हं मारत नाही, पण शेवटची सही त्याची. दोघांच्या मनात जे आहे ते कागदावर असं उतरवायचं, की तिसऱ्याला बोट ठेवायला जागा राहू नये, एवढंच माझं काम होतं.

मी स्वभावानं तापट. नाकावर माशी बसली तर हे तिलासुद्धा आधी नोटीस देतील, असं आमच्या घरी म्हणत. कारकुनानं काना-मात्रा खाल्ली की माझं डोकं फिरायचं. पण ज्या कामाची आठवण आली की मी अजून एकटाच हसतो, ते काम एका शब्दानं बिघडवलं आणि त्याच शब्दानं तारलं. मिठावरून पुढे देशभर जो गदारोळ उठला, त्याच्या साल-दोन साल आधीची ही गोष्ट.

रेवसच्या वाटेवर खाडीच्या कडेला एक मिठागर होतं. मालक आगरी. त्याचं मीठ मुंबईला जायचं ते मचव्यांतून, आणि मचवे होते पलीकडच्या बंदरातल्या एका मुसलमान व्यापाऱ्याचे. त्या व्यापाऱ्याला लहानथोर सगळे भाई म्हणायचे, म्हणून मीही भाईच म्हणतो. मालक आणि भाई बालपणापासूनचे दोस्त. त्यांच्या भागीदारीचा कागद कधी झालाच नव्हता. ‘मीठ बांधावर तवर तुजा, पाण्यावर चढला का माजा,’ असं एकदा कधीतरी दोघांत ठरलं होतं, आणि त्या एका वाक्यावर दोन घरं चालली होती.

मग चैत्रात, ऐन हंगामात, मालक वारला. सकाळी बांधावर उभा होता, दुपारी नव्हता. ज्या वखारीत मीठ भरून ठेवत तिला त्याच्या बायकोनं त्याच दिवशी कुलूप घातलं, चावी कमरेला खोचली आणि ती घरी गेली. पुढे सुतक, मग पाऊस. आगर तसंच पडून राहिलं.

आषाढात ती आणि भाई, दोघं माझ्याकडे आली. भाई ओसरीवर छत्री झटकत म्हणाला, “वकीलसाब, त्यानं मला जबान दिली होती. एवढी वर्षं जबानीवर निभावलं. आता जबान देणारा गेला, तर ती जबान तुम्ही कागदावर चढवा. भाबीचं आगर, माझे मचवे, दोन्ही मिळून एक पेढी.”

बाई त्याच्या मागे उभी होती. उंच, सावळी, कपाळ मोकळं, आणि दोन्ही हात पदराखाली घट्ट धरलेले. मी खुर्ची पुढे केली. ती म्हणाली, “नको वकीलदादा. खुर्चीत बसला का मना आपले पाय कुठं हाईत ते कळत न्हाय.” आणि भिंतीला टेकून खाली बसली. त्या बोलीतला गोडवा मला कागदावर आणता येत नाही, जमेल तसा आणतो.

“तुम्हाला काय हवं ते सांगा बाई,” मी म्हटलं.

“मना दुसरा काय नको. आगर चालला पायजे. त्यानं हातानं घातलेला बांध समुंदरानं खाल्लेला मी बघनार न्हाय.”

बांधाला दरवर्षी माती लागते. एक हंगाम हात फिरला नाही तर भरतीचं पाणी बांध फोडून आत शिरतं, आणि मग तिथे मीठ पिकत नाही, निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारतात. परवाना होता नवऱ्याच्या नावावर. तो बाईच्या नावावर चढला आणि भाईबरोबरची पेढी मीठखात्याच्या साहेबानं मान्य केली, तरच दिवाळीनंतर कामाला हात घालता येणार होता. परवाना गेला की आगर गेलं, इतकं ते सरळ होतं.

वाटेत एक दीरही होता. माणूस वाईट नव्हे, पण तोंडाळ. परवाना पुरुषाच्या नावावर शोभतो, असं तो गावभर सांगत सुटला होता. हे मी बाईच्या कानावर घातलं तेव्हा ती म्हणाली, “शोभाया काय तो फेटा हाय?” भाई इतका हसला की त्याला ठसका लागला.

मी अर्ज केला. खात्याच्या नाक्यावर बाईची जबानी झाली. ती मोडीत लिहिली गेली, तिथून वरच्या कचेरीत गेली, आणि तिथे एका कारकुनानं तिचं इंग्रजी केलं. हा कारकून कानडी मुलखातला. भला माणूस होता, पुढे माझी त्याची चांगली ओळख झाली. मराठी तो पुस्तकावरून शिकला होता, आणि पुस्तकात जे होतं तेच त्यानं लिहिलं. पण त्याच्या त्या इंग्रजीवरून जी नोटीस माझ्या हातात आली ती वाचून मी खुर्चीतून ताडकन उठलोच!

बाईनं जबानीत सांगितलं होतं, ‘मालक गेले त्या दिशी मी वखार वाढवली.’ नोटिशीत होतं, की नवरा मेला त्याच दिवशी या बाईनं सरकारची परवानगी न घेता वखार मोठी केली आहे, सबब परवाना रद्द का करू नये याचा खुलासा करावा.

अरे देवा! नवरा ओटीवर निजवलेला, आयाबाया रडताहेत, आणि ही बाई सुतार-गवंडी बोलावून वखारीला नवं दालन काढतेय! लिहिणाऱ्यानं क्षणभर विचार तरी करावा की नाही? मी घरभर फेऱ्या मारल्या, त्या कारकुनाला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या, आणि मग शांत झाल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? साहेबाला लिहून कळवायचं की वाढवली म्हणजे बंद केली. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पण खात्याच्या नियमात एक कलम होतं, आणि ते मला तोंडपाठ होतं. जो कोणी ऐन हंगामात न कळवता काम बंद करील, त्यानं परवाना सोडला असं समजावं. म्हणजे वखार मोठी केली म्हणावं तर परवानगीवाचून केली म्हणून परवाना जातो, आणि बंद केली म्हणावं तर काम सोडलं म्हणून परवाना जातो. इकडे आड, तिकडे विहीर.

बाईला बोलावून मी सगळं समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मोठी मी केली न्हाय. आनि ‘बंद’ हा शब्द माज्या तोंडातना निघनार न्हाय. जित्या धंद्याला तसा बोलत न्हाईत.”

“मग साहेबापुढे काय सांगणार?”

“केला ते सांगन. वाढवली.”

मी कपाळाला हात लावला. भाई खिडकीतून बाहेर बघत पुटपुटला, “भाबी, तुमची जबान लोखंडाची आहे.” जाताना बाई उंबऱ्यावर थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “वकीलदादा, आगर ऱ्हाईल ना?” इतका वेळ ताठ असलेला तिचा आवाज तिथे चिरकला. मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन ओटीवर बसलो होतो. वालाच्या बिरड्याचा वास बाहेरपर्यंत आला होता आणि माझं लक्ष दोन्हीकडे होतं. आतून आमच्या घरच्यांची हाक आली, “पान वाढलंय हो! बाहेरचा दिवा वाढवा आणि या!”

मी उठलो, कंदिलाची वात खाली केली, फुंकर घातली, आणि अंधारात तसाच उभा राहिलो. पान वाढलं म्हणजे भरलं. दिवा वाढवला म्हणजे विझला. एका दमात दोन्ही बोलल्या आमच्या सौभाग्यवती, आणि मी काही न विचारता नेमकं हवं ते केलं! मी आत जाऊन म्हटलं, “अहो, तुम्ही माझी केस जिंकलीत!” त्या म्हणाल्या, “बरं, आधी भात निवतोय तो खा.” बिरडं त्या दिवशी मी जरा जास्तच खाल्लं.

भाद्रपदात साहेबाचा मुक्काम अलिबागेस पडला आणि सुनावणी लागली. दुपारची वेळ, पण आभाळ इतकं भरून आलं होतं की साहेबाच्या टेबलावर दिवा लावावा लागला होता. साहेब तरुण होता, विलायतेहून येऊन फार दिवस झाले नव्हते. मराठीची परीक्षा त्यानं दिली होती आणि त्याचा त्याला अभिमानही होता. बोलायचा अगदी व्याकरणशुद्ध, फक्त प्रत्येक शब्द सुटा सुटा, मोजून ठेवल्यासारखा. तो कानडी कारकून बाजूला पुस्तक घेऊन बसला होता. दीर बाहेर पडवीत, कान टवकारून.

“बाई,” साहेब म्हणाला, “तुम्ही वखार मोठी केली का?”

“न्हाय.”

“मग तुम्ही वखार बंद केली का?”

बाईनं पदराखालचे हात आणखी घट्ट धरले.

“बाई, बंद केली का?”

“न्हाय सायेब.”

“मग काय केली?”

“वाढवली.”

साहेबानं कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. साहेब समाधानानं म्हणाला, “वाढवणे म्हणजे मोठे करणे. असे छापलेले आहे.”

मी उठलो. आवाज मोठा काढला. “साहेबांचं मराठी उत्तम आहे. माझी एकच विनंती. साहेबांनी आपल्या पट्टेवाल्याला नुसतं एवढं सांगावं, की दिवा वाढव.”

साहेबाला यात काही वावगं दिसलं नाही. उलट अंधारून आलं होतं, दिवा मोठा झालेला त्याला हवाच होता. तो दाराकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाला, “दिवा वाढव.”

पट्टेवाला आला, अदबीनं वाकला, वात खाली केली आणि फू करून दिवा विझवला. खोलीत काळोख!

“अरे! मी तुला दिवा मोठा करण्यास सांगितले!”

“न्हाय सायेब, आपुनच बोल्लाव वाढव!” पट्टेवाल्याची बोबडी वळली. भाईनं तोंडावर रुमाल धरला होता, पण त्याचे खांदे हलत होते. कानडी कारकून पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन त्या काळोखात पुन्हा ती ओळ शोधू लागला. आणि मग साहेब स्वतःच हसला, अगदी खदाखदा. जिंकली, असं मला वाटलं. मी लगेच मनात पेढ्यांचा विचारसुद्धा केला.

पण साहेब हसरा असला तरी खुळा नव्हता. हसणं ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, “ठीक. म्हणजे वाढवणे म्हणजे बंद करणे. तर मग बाईंनी हंगामात काम बंद केले.” आणि त्यानं नियमांचं पुस्तक पुढे ओढलं. अंधारात त्याला पान दिसेना, म्हणून तो खिडकीकडे सरकला. कुठलं कलम तो शोधतोय ते मला ठाऊक होतं. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो! दिव्याच्या युक्तीवर मी इतका खूश होतो की या कलमाची तोड काढायची राहूनच गेली होती. पडवीतून दिराचं खाकरणं ऐकू आलं.

तेव्हा बाई उठून पुढे आली. तिनं पदराखालून दोन्ही हात काढले आणि टेबलावर, खिडकीच्या उजेडात, साहेबापुढे धरले. मनगटं उघडी होती. कामानं रापलेल्या हातांवर बांगड्यांच्या जागी तेवढे फिकट वळ राहिले होते.

“सायेब, ह्ये बघा,” ती म्हणाली. “सवाशिनीची बांगडी पिचकली तर आमी फुटली बोलत न्हाय. वाढवली बोलतो. का, तर उद्या दुसरी भरायची असते. मालक गेले तवा ह्या बांगड्या वाढवल्या न्हाईत. ह्या फोडल्या. ह्या आता पुन्ना भरायच्या न्हाईत.” तिनं श्वास घेतला. “त्याच दिशी वखारीला कुलूप घातला. ती मी फोडली न्हाय, सोडली न्हाय. वाढवली. ती मना पुन्ना उघडायची व्हती.”

भाईनं रुमाल तोंडावरून काढून डोळ्यांना लावला होता. माझंही काही वेगळं नव्हतं, उगाच कशाला लपवू? जी गोष्ट सांगायला मी नियमांचं अख्खं पुस्तक पालथं घातलं होतं, ती बाईच्या दोन मनगटांनी सांगून टाकली होती.

साहेब बराच वेळ त्या हातांकडे बघत होता. मग पट्टेवाल्याला म्हणाला, “दिवा लाव.” पट्टेवाल्यानं काडी ओढली, काच बसवली, टेबलावर पुन्हा उजेड पडला. साहेबानं दिव्याकडे बोट केलं आणि मला विचारलं, “हा दिवा मघाशी वाढवला होता. बरोबर?”

“बरोबर, साहेब.”

“आणि आता लागला. बरोबर?”

“अगदी बरोबर.”

त्यानं टाक उचलला. लिहिता लिहिता थांबला, कारकुनाला काही विचारलं, कारकुनानं मान हलवली. शेवटी त्यानं इंग्रजी निकालाच्या मध्यभागी रोमी अक्षरांत ‘वाढवली’ असाच शब्द घातला आणि खाली रेघ ओढली. या शब्दाला इंग्रजीत जोड मिळत नाही, म्हणाला. वखार मोठी झाली नाही, काम सोडलेलं नाही, परवाना बाईच्या नावे करावा. बाईला मी ते मराठीत सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मंग? मी तर पयल्यापासना त्येच सांगत व्हते.”

दीर पडवीतून कधी निघून गेला ते कळलंच नाही.

मग मी भागीदारीचा लेख लिहायला घेतला, आणि खरं सांगतो, असा आनंद मला दुसऱ्या कुठल्या लेखानं दिला नाही. लिहिताना मला एक खोड होती. वाक्य असं लांबवायचं की मध्ये कोणाला शब्द घुसवायला जागा मिळू नये. ओटीवर बैठक, समोर समुद्राकडचा वारा, कागद उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर नागावच्या सुपाऱ्या. ‘मीठ बांधावर तवर तुजा, पाण्यावर चढला का माजा’ या एका वाक्याची मी चांगली लांबलचक कलमं केली. बांध कोणी सांभाळायचा, मचवा वादळात अडकला तर काय, दोघांतला एक गेला तर दुसऱ्यानं काय करायचं. भाई रोज येऊन बसायचा, घरून तांदळाची सांदणं आणायचा आणि प्रत्येक कलम ऐकून म्हणायचा, “वल्ला, त्याच्या मनात हेच होतं!”

आणि सगळ्यांत शेवटी मी एक कलम आपल्या मनानं घातलं. फक्त भाईला वाचून दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचायला लावलं, आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिला. बाईला मात्र आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. तिनं सगळा लेख ऐकायला नकार दिला होता. “तुमी दोगं असताना मी काय आयकू?” म्हणाली आणि अंगठा उठवून गेली. लेख पुरता ऐकवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, या माझ्या नियमाप्रमाणे मी तिला ओरडायला हवं होतं. त्या वेळी मी गप्प बसलो.

साहेबाच्या मंजुरीसाठी लेख गेला तेव्हा त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. शेवटच्या कलमावर बोट ठेवून गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “वकीलसाहेब, इथे एक नारळ वाढवायचा आहे. हा मोठा होणार, की विझणार?”

“फुटणार, साहेब.”

“अच्छा,” तो म्हणाला. “तुमची भाषा भयंकर आहे.” आणि त्यानं शिक्का मारला.

दिवाळी झाली, आभाळ निवळलं. कार्तिकात हंगामाचा मुहूर्त ठरला. मिठागरात समुद्राचं पाणी आत घ्यायला बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीवर नारळ वाढवायचा, दार वर ओढायचं, पाणी आत आलं की हंगाम सुरू, ही तिथली रीत. मी बैलगाडीनं भल्या सकाळी पोचलो. आगरावर काम करणारी सगळी घरं जमली होती. बायका नवी लुगडी नेसून बांधावर बसल्या होत्या. भाई पांढरीशुभ्र टोपी घालून आला होता. भरतीचं पाणी उघाडीच्या फळीपर्यंत चढलं होतं.

बाई सगळ्यांच्या मागे उभी होती, लांब, पदर डोक्यावरून ओढून. नवरा असताना नारळ तो वाढवायचा आणि ती त्याच्या शेजारी उभी असायची. आता ती पुढे यायची नाही. विधवेनं मुहूर्ताला हात लावायचा नाही, हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं. तिनं स्वतःच नारळ दिराच्या हातात देऊन ठेवला होता. दीर फेटा बांधून, नारळ कुरवाळत दगडापाशी पोचलासुद्धा होता.

“थांबा!” मी ओरडलो. माझा कोर्टातला आवाज, जो कोर्टात कधी वापरायला मिळाला नव्हता, तो त्या दिवशी खाडीपलीकडे गेला असेल. मी पिशवीतून लेख काढला, चष्मा चढवला आणि शेवटचं कलम वाचलं:

‘दरसाल हंगामाच्या आरंभी उघाडीवरील नारळ लिहून देणार बाई यांनीच स्वहस्ते वाढवावा, अन्य कोणी वाढविल्यास तो या पेढीचा नारळ नव्हे, आणि त्यायोगे हंगाम सुरू झाला असे समजू नये.’

दीर म्हणाला, “ह्ये काय वकीलसायेब? रांडव बाईच्या हातानं म्हूर्त? लोक काय बोलतील?”

“लोकांना काय बोलायचं ते बोलू दे,” मी म्हटलं. “हा सरकारी शिक्का बघ. तुला नारळ वाढवायचा तर आधी साहेबाकडे अर्ज कर. माझी फी पडेल.”

बायकांत खसखस पिकली. भाईनं दिराच्या हातातून नारळ अलगद काढून घेतला, बांधावरून मागे चालत गेला आणि बाईपुढे धरला. “भाबी,” तो म्हणाला, “त्याची जबान आहे. कागदावर चढली आहे.”

बाईनं माझ्याकडे बघितलं. “माज्या हातानं, वकीलदादा? ह्या हातानं?”

“त्याच हातानं बाई. त्या हातांनीच आगर राखलंय.”

ती पुढे आली. नारळ दोन्ही हातांनी धरून क्षणभर कपाळाला लावला. मग एकच घाव घातला. पाणी दगडावरून खाली खाडीच्या पाण्यात गेलं, आणि कोणी न सांगता गड्यांनी उघाडीची फळी वर ओढली. समुद्र आत आला. ती रडत होती आणि तिला ते लपवायचं नव्हतं. तिनं नारळाची पहिली कवड दिराच्या हातावर ठेवली. “खोबरा वाट सगल्यांना,” म्हणाली. त्यानं मुकाट्यानं घेतली आणि वाटू लागला.

मग ती वखारीकडे चालू लागली. आम्ही मागोमाग गेलो. कुलूप पावसानं गंजलं होतं. तिनं कमरेची चावी काढली, जोर लावून फिरवली, दार ढकललं. आत गेल्या हंगामातलं मीठ होतं तसंच होतं, आणि दाराशेजारी खुंटीला नवऱ्याची कांबळी टांगलेली.

तिनं कांबळी काढून झटकली आणि पुन्हा त्याच खुंटीला लावली. मग डोळे पुसत वळली आणि माझ्यावर खेकसली, “काय बघताव वकीलदादा? वाढवली व्हती ना? मंग उघडायला नको?”